पाचव्या वळणावरचा झरा

धुळ्यात चाळीसगाव रोडवर सायकलीचं दुकान म्हटलं की देवचंदचंच. आणखी दोन होती, पण ती नावाला. चाक डगमगत असलं की देवचंद आऱ्यांवरून नुसतं नख फिरवायचा आणि आवाजावरून सांगायचा, कोणता आरा सैल आहे ते. शिक्षण सातवी, तेही दोनदा बसून. पण त्याची त्याला कधी लाज वाटली नाही. "मास्तरनी सायकल बी मन्हाकडेच येस," असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

त्याच्या फिटरकीपेक्षा मोठी होती ती त्याची घाटाची गोष्ट. शेजारी तोतारामचं चहाचं दुकान. तिथल्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट तोंडपाठ होती. एकोणसत्तर साली बहीण कुंदाबाईची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बहिणीला माहेरी आणायला भावानं जायचं, मुराळी म्हणून. कुंदाबाईचं सासर कन्नडच्या घाटावर, घाट चढून गेलं की पहिलंच गाव. देवचंद तेव्हा बावीस वर्षांचा. लोक एसटीनं जायचे, हा सायकलवर गेला. काळी बावीस इंची सायकल, मागे अठरा दातांचं फ्रीव्हील, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाय एकदासुद्धा जमिनीला लागला नाही. फाट्यावर बहीण सासरच्या माणसांसोबत उभी होती. सगळ्यांनी त्याला सीटवर बसून येताना पाहिलं. त्या दिवसापासून कुंदाबाईला सासरी कोणी वाकडा शब्द बोललं नाही, असं देवचंद सांगायचा.

मग तो डावा हात पुढे करायचा. तळव्यावर आडवा वण होता, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. "हॅंडल दाबी दाबी चिरायनं," तो म्हणायचा. लोक हात धरून बघायचे.

सर्वांत जास्त वेळा तो हात ज्यानं बघितला तो धाकटा भाऊ अभिमन. भाऊ घाट चढून आला तेव्हा अभिमन चौदा वर्षांचा होता. पुढे तो पोस्टमन झाला. खाकी पिशवी खांद्याला लावून रोज पाच खेडी सायकलवर करायचा. उन्हात, चिखलात, कसाही. अंगानं काटकुळा, बोलणं कमी. कुणाची मनिऑर्डर आली तर आधी घरातल्या म्हातारीला सांगायचा, मग ज्याच्या नावावर असेल त्याला. कुणाचं मयताचं पत्र असलं तर ते देऊन तो लगेच निघायचा नाही. ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा, रडणं जरा ओसरलं की उठायचा. त्यामुळे त्याला पोचायला उशीर व्हायचा आणि साहेब बोलायचे. एवढं असून गावोगाव त्याची ओळख एकच होती: घाटवाल्या देवचंदचा भाऊ.

अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी महिन्यावर आली होती. अभिमन टपाल वाटून दुकानात आला, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, "भाऊ, औंदा मुराळी मी जास. सायकलवर."

तोतारामनं किटली खाली ठेवली. "तू? अरे, तुन्हा पाय टपालना शेतस, घाटना नहीत."

"रोज तीस किलोमीटर फिरस मी."

"सपाटवर फिरस. सपाटवर तर मन्ही म्हैस बी फिरस."

बाकड्यावरचे हसले. देवचंदही हसला. पण अभिमननं पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं, उलटं करून बाकड्यावर पसरलं आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली. "सांग भाऊ. वळणं सांग. कोठे काय शे ते. मी लिखी लेस."

आता इथं खरं काय होतं ते सांगितलं पाहिजे. देवचंदला एकही वळण माहीत नव्हतं. त्या साली पायथ्याचा पहिला चढ लागला आणि अर्ध्या फर्लांगात त्याची छाती फुटायला आली. मागून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आला, माणसाच्या चालीनं चढत. त्याच्या फाळक्याची साखळी लोंबत होती. देवचंदनं ती डाव्या हातानं धरली आणि माथा येईपर्यंत सोडली नाही. डोळे धुरानं मिटलेले, साखळी तळहातात रुतलेली, रक्त मनगटापर्यंत आलेलं. वर फाट्याच्या अलीकडे त्यानं साखळी सोडली, तोंड पुसलं, हाताला रुमाल बांधला आणि ताठ बसून बहिणीसमोर गेला. घाट कसा आहे, किती वळणं आहेत, कुठं सावली आहे, यातलं त्याला काही दिसलंच नव्हतं. आणि हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अभिमन पेन्सिल धरून बसला होता. बाकड्यावर पाच-सहा जण ऐकत होते.

"लिख," देवचंद म्हणाला. "पहिला वळणले जुनी चिंच शे. तिसराले इंग्रजना टाइमना पांढरा दगड. तठे दम लेवाना नही, दम तुटस."

"आनि पानी? पानी कोठे मिळी?"

देवचंदनं एक क्षण तोतारामच्या किटलीकडे पाहिलं. "पाचवा वळणले. खडकमातून झरा शे. बारमाही."

"आखाजीना टाइमले बी?"

"मी सोता पेयेल शे तठलं पानी."

अभिमननं पाच आकडा काढून त्याभोवती गोल केला आणि शेजारी सावकाश, टपालाच्या अक्षरात लिहिलं: झरा.

त्यानंतर महिनाभर त्याची तयारी चालली, आणि ती तयारी बघण्यासारखी होती. पहाटे तो लळिंगच्या चढावर जायचा, मग नोकरीवर. पिशवीत टपालाखाली दोन विटा ठेवायचा, वजनाची सवय व्हावी म्हणून. एका खेड्यात कुणीतरी विचारलं, विटांवर तिकीट कुणी लावलं. अभिमननं सगळा हिशोब त्या कॅलेंडरच्या पानावर मांडला होता. पहिल्या दिवशी धुळ्याहून चाळीसगाव, तिथं धर्मशाळेत मुक्काम. पहाटे चारला उठायचं, उजाडताना पायथा, नऊच्या आत माथा, कारण नंतर डांबर पाघळतं. पाण्याची एकच बाटली घ्यायची, वजन नको. ती पाचव्या वळणापर्यंत संपवायची आणि झऱ्यावर भरायची. बायको मंदाबाई म्हणाली, दुसरी बाटली न्या. तो म्हणाला, "भाऊनी एक बी नही नेल व्हती."

जायच्या दोन दिवस आधी सायकल दुरुस्तीला आली. दुपारची वेळ होती, तोताराम जेवायला गेलेला, दुकानात दोघेच. देवचंदनं ती सायकल अशी खोलून जोडली की नवी असतानासुद्धा ती तशी नसेल. छर्रे बदलले, क्रँकच्या कॉटर पिना नव्या ठोकल्या, ब्रेकची रबरं घातली. मग मागचं चाक काढून अठराचं फ्रीव्हील खोललं आणि त्या जागी नवं, मोठं फ्रीव्हील बसवायला घेतलं.

"हाई काय शे?" अभिमननं विचारलं.

"बावीस दाती. चढले हलकी जाई."

"तू कितीवर गयथा?"

देवचंद पाना फिरवत राहिला. "अठरावर."

"मंग मन्ही बी अठरावरच राहू दे."

"अभिमन, ऐक. फिटर मी शे का तू? भरल्या सायकलले, त्या घाटले अठरा जमत नही."

"तुले कसं जमनं?"

दुकानात कुणी नव्हतं. रस्त्यावरसुद्धा कुणी नव्हतं. एवढी चांगली वेळ देवाकडे मागून मिळाली नसती. देवचंदनं पाना खाली ठेवला. तळहातावरचा वण ग्रीसनं काळा झाला होता. साखळी हा शब्द जिभेवर आला होता. पण समोर तेहतीस वर्षांचा माणूस चौदा वर्षांच्या पोरासारखा बघत होता, आणि त्या नजरेतून उतरणं देवचंदला जमलं नाही. तो म्हणाला, "तुन्हा मन्हामा फरक शे. तुन्हा पायमा तेवढा दम नही."

 अभिमननं बावीस दातांचं फ्रीव्हील उचललं, कापडानं पुसलं, पुन्हा त्याच्या खोक्यात घातलं आणि खोकं फळीवर ठेवलं. मग जुनं अठराचं भावाच्या हातात दिलं.

देवचंदनं तेच बसवलं.

निघायच्या दिवशी आई भागाबाईनं त्याला कुंकू लावलं. कुंदाबाईसाठी सांजोऱ्यांचा डबा हॅंडलला बांधला. अभिमन देवचंदच्या पाया पडला आणि गेला. चार दिवस देवचंदच्या हाताला काम लागलं नाही. एका गिऱ्हाइकाचा पुढचा ब्रेक त्यानं मागे बसवला. तोताराम म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर चढताना बी एवढा घाबरनात नही व्हतात."

आखाजीच्या आदल्या दिवशी एसटी आली. टपावर सायकल बांधलेली होती. आधी कुंदाबाई उतरली, मग अभिमन. त्याचे ओठ फुटून त्यावर काळ्या खपल्या धरल्या होत्या. डोळे खोल गेले होते. तो भावासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उतरनू भाऊ. दोनशे पाऊल राही गयात."

माथा दिसत असताना पाय जमिनीला लागला होता. शेवटची दोनशे पावलं त्यानं सायकल हातात धरून काढली. फाट्यावर कुंदाबाई आणि तिच्या सासरची माणसं उभी होती, एकोणीस वर्षांपूर्वी उभी होती तशीच. तिचा दीर म्हणाला, हा काही देवचंद नाही. हे अभिमननं सांगितलं नाही, कुंदाबाईनं सांगितलं. आणि हेही सांगितलं की दोन दिवस त्याच्या अंगात ताप होता, पोटात पाणी ठरत नव्हतं.

तोतारामनं चहा पुढे केला. "आन् झरा? भाऊना झरानं पानी पिधं का?"

देवचंदनं मान खाली घातली.

अभिमननं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "पिधं ना. थंडगार. बठ्ठं भाऊनी सांगं तसंच शे. चिंच बी शे, दगड बी शे." मग घोट घेऊन म्हणाला, "वर एक ट्रक जाई राहिंता. क्लीनर म्हने, साखळी धरी ले. मी म्हननू, आम्हना घरमा तशी चाल नही."

बाकड्यावरून वाहवा झाली. देवचंदनं डावी मूठ मिटली.

पण घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं, हे नाकारून चालणार नाही. म्हणजे झरा होता. आपण हवेत सांगितलं आणि ते खरं निघालं. चिंचसुद्धा. एवढं नशीब कुणाचं असतं? त्या दिवसापासून देवचंदची गोष्ट आणखी रंगली. आता साक्षीदार होता. "अभिमनले इचारा," तो म्हणायचा, "तो पिऊन येल शे."

अभिमनला मात्र नवं नाव पडलं. दोनशे पाऊल. आधी तोताराम म्हणायचा, मग सगळा रोड म्हणायला लागला. "काय दोनशे पाऊल, आज टपाल शे का?" तो हसून पत्र द्यायचा. कधीकधी देवचंदही त्या नावावर हसला. अभिमन पुन्हा कधी लळिंगला गेला नाही. घाटाची सायकल त्यानं घरात खुंटीला टांगली आणि नोकरीसाठी दुसरी जुनी घेतली. दरवर्षी मुराळी म्हणून तोच जायचा, एसटीनं. कुंदाबाई सांगायची, गाडी घाटात शिरली की तो खिडकीकडची जागा सोडून आतल्या बाजूला बसायचा.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना. शेवटच्या आठवड्यात देवचंद रोज त्याच्या उशाशी असायचा. एकदा अभिमननं विचारलं, "भाऊ, ती बावीस दाती ऱ्हाईनी का अजून?"

"फळीवरच शे."

"इकू नको," तो म्हणाला. एवढंच. देवचंदला वाटलं, तापात बोलतोय. तिसऱ्या दिवशी तो गेला. एकेचाळीस वर्षांचा होता.

पाचही खेड्यांतून माणसं आली. एक म्हातारी काठी टेकत आली आणि देवचंदला म्हणाली, मन्हा पोरगानं मयतीनं पत्र त्यानी आणं व्हतं, घडीभर बशी ऱ्हायंता मन्हाजोडे. देवचंदनं आयुष्यभर लोकांना स्वतःची गोष्ट ऐकवली होती. त्या दिवशी तो ओट्यावर बसून भावाच्या गोष्टी ऐकत होता आणि त्यातली एकही त्याला आधी माहीत नव्हती.

पुढच्या आखाजीच्या आठ दिवस आधी मंदाबाईनं खाकी पिशवी त्याच्यासमोर ठेवली. "भाऊजी, यामा कागद शेतस. कामना शेतस का दखा." जुन्या पावत्या होत्या, एक शिसपेन्सिल होती आणि तळाशी चार घड्या घातलेलं कॅलेंडरचं पान.

देवचंदनं ते उलगडलं. मुक्काम, वेळा, वळणांचे आकडे. घामाचे डाग. पहिल्या वळणापुढे चिंच लिहिली होती, ती काट मारून खोडली होती. तिसऱ्या वळणापुढचा दगड खोडला होता. पाचव्याभोवती ते गोल होतं, झरा हा शब्द होता, आणि त्याखाली, पोस्टमन जसा न मिळालेल्या माणसाच्या पाकिटावर शेरा मारतो तसा, त्याच अक्षरात शेरा होता: या पत्त्यावर नाही.

अक्षर हललेलं होतं. तिथंच उभं राहून, रिकामी बाटली घेऊन लिहिलेलं.

असं टपाल पाठवणाऱ्याकडे परत जातं. हे मात्र अभिमननं आठ वर्षं पिशवीत ठेवलं होतं.

देवचंद ते पान घेऊन इतका वेळ बसला की मंदाबाईनं दोनदा हाक मारली. सगळं एकदमच समजलं. फुटलेले ओठ. पोटात न ठरणारं पाणी. क्लीनरची साखळी, आणि आम्हना घरमा तशी चाल नही. ते बोलताना अभिमननं भावाच्या तळहाताकडे पाहिलं होतं का, हे देवचंद आठवत राहिला. आठवलं नाही. तेव्हा तो स्वतःच खाली बघत होता.

आखाजी आली. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि नाव घेऊन उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. त्या वर्षी अभिमनचं पहिलं बोट. देवचंदनं मातीची घागर स्वतः धुतली, स्वतः भरली. वर आंबा ठेवला. विस्तवावर पितरांच्या घासाची आगारी टाकून झाली. कुंदाबाई, तिचा नवा जावई, मंदाबाई, म्हातारी भागाबाई, जेवायला बोलावलेला तोताराम, सगळे समोर होते. पितरांसमोर खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यानं तीच वेळ धरली.

"आयका," तो म्हणाला. "मी घाट चढनू नही व्हतू. ट्रकनी साखळी धरी व्हती. झरा नही तठे. कधीच नही व्हता. मी अभिमनले खोटं सांगं."

 कुंदाबाईनं डोळ्याला पदर लावला. "भाऊ, असं नको करू. तो गया यामा तुन्हा काय दोष? मी सोता दखं व्हतं तुले, सीटवर बशेल."

"कुंदा, हाऊ हात दख. हाई हॅंडलनं नही. साखळीनं शे."

तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. इतकी वर्षं ती असंच करत आली होती.

तोताराम हळू आवाजात म्हणाला, "दुःखमा माणूस सोतालेच खाली पाडस. भाऊ, अभिमन सोता बोलेल शे मन्हासमोर, पानी पिधं म्हनीसन. थंडगार म्हने. तो खोटं बोलनारा व्हता का?"

खिशातलं पान दाखवायला देवचंदनं हात घातला. मग तसाच बाहेर काढला. ते पान बाहेर आलं असतं तर ज्यानं आयुष्यात कुणाला चुकीच्या पत्त्यावर पत्र दिलं नाही, तो अभिमन खोटा ठरला असता.

जेवणं झाली. बायका आखाजीच्या झोक्याकडे गेल्या. नवा जावई ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "मामा, तुमच्या घाटाची गोष्ट फार ऐकली. तुमच्या तोंडून ऐकायची होती."

देवचंद उंबऱ्यावरच्या कुंकवाच्या बोटाकडे बघत राहिला. तोतारामला वाटलं, भाऊचं मन ठिकाणावर नाही, आपणच सांगावी. त्यानं मांडी ठोकली आणि सुरू केलं. एकोणसत्तर साल, काळी बावीस इंची, मागे अठरा दाती. पहिल्या वळणाला जुनी चिंच. तिसऱ्याला इंग्रजांच्या वेळचा पांढरा दगड. तोताराम सांगत होता ते अगदी देवचंदसारखंच, तोच हात, तोच थांबा.

"आनि पाचवा वळणले," तोताराम म्हणाला, "खडकमातून झरा."

देवचंद उठला. आत जाऊन अभिमनच्या नावाच्या घागरीपाशी बसला. दिवसभराच्या उन्हानं घागर पाझरून पाणी चार बोटं खाली गेलं होतं. त्यानं तांब्या घेतला आणि घागर पुन्हा गळ्यापर्यंत भरली.